ट्रॅकवाला मिनी हार्वेस्टर, सात महिने वापरल्यावर: डावीकडे ओढणं, धडधड आणि त्याचं मूळ

आमच्या वाडीतल्या चार घरांनी मिळून गेल्या सप्टेंबरात रबर ट्रॅकवाला मिनी कम्बाइन हार्वेस्टर घेतला. दिवाळीच्या आगेमागे पावसाळी भात काढलं, मग मार्च-एप्रिलात वायंगणी म्हणजे उन्हाळी भात, मशीन दोन्ही वेळेला मीच चालवलं. कापणी-मळणी कशी होते यावर सगळेच बोलतात, मी मुद्दाम ट्रॅकबद्दल लिहितोय कारण आमचा सगळा मनस्ताप तिथूनच झाला आणि मशीन विकताना त्यावर कोणी अर्धा मिनिटसुद्धा बोललं नाही.

आमचे कुणगे, म्हणजे भाताचे छोटे तुकडे, कुडाळ तालुक्यात, दोन-दोन तीन-तीन गुंठ्यांचे, एकातून दुसऱ्यात जायचं तर बांध ओलांडायचा, आणि रस्त्यापर्यंत यायला जांभ्याच्या खडीची पाणंद. त्यात ऑक्टोबरात परतीचा पाऊस, म्हणजे सकाळी चिखल, दुपारी ऊन, संध्याकाळी परत सर. पहिले आठ-दहा दिवस मशीन मस्त चाललं, मग हळूहळू ते डावीकडे ओढायला लागलं, सरळ ओळीत जायचं तर सारखं उजवीकडे दाबून धरावं लागायचं, आणि पाणंदीवर आलं की सीटखालून अशी धडधड यायची की रात्री कंबर सांगायची. वाडीतले भाऊकाका बांधावर उभे राहून म्हणायचे, "रे, ह्या डाव्या अंगाक जाता हा, बघ काय ता."

जिथून घेतलं तिथला माणूस आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला दोन्ही ट्रॅक बदला. दहा-बारा दिवसांत ट्रॅक संपला हे काही मनाला पटेना. मी आपला डावा ट्रॅक ढिला दिसला म्हणून मागचा टेन्शन बोल्ट आवळून टाकला, आणि ही चूक झाली, कारण धडधड वाढलीच. जास्त ताणला की सगळा भार आयडलर (ट्रॅक ताणून धरणारं टोकाचं चाक) आणि रोलरच्या (मधली छोटी चाकं) बेअरिंगवर येतो हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

शेवटी चिरेखाणीवरच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला गाठलं. त्याने स्पॅनरला हात लावायच्या आधी एवढंच विचारलं, "आतलो चिखल काडलंस काय?" काढला नव्हता. आम्ही बाहेरून पाणी मारायचो, पण स्प्रॉकेट (ट्रॅक फिरवणारं दातेरी चाक) आणि ट्रॅकच्या मधे चिखल आणि जांभ्याची खडी सुकून गिलाव्यासारखी घट्ट बसली होती. दात नीट बसायला जागा नाही, म्हणून ट्रॅक आतून उचलला जातो, ताण एका बाजूला वाढतो आणि मशीन ओढायला लागतं. लोखंडी सळईने खरवडून पाऊण घमेलं माती निघाली, निम्मा त्रास तिथेच गेला.

उरलेली धडधड कुठून येते हे त्याने कसं शोधलं ते नीट सांगतो, कारण हे कुठल्याही ट्रॅकवाल्या मशीनला चालेल. मळणी आणि कटर दोन्हीचे क्लच सोडले, थ्रॉटल एका जागी ठेवला आणि फक्त एचएसटीच्या (तेलाच्या दाबावर मशीनची चाल बदलणारी यंत्रणा) लिव्हरने वेग कमी-जास्त केला. इंजिनचा वेग तोच आहे आणि धडधड मशीनच्या चालीबरोबर वाढते म्हणजे दोष खालच्या अंगाला. मशीन उभं असताना, मळणी लावल्यावर थरथरलं असतं तर बेल्ट बघायचे, नाहीतर ड्रमला एका बाजूने गुंडाळलेला पेंढा बघायचा (हेही आम्हाला नंतर एकदा झालं, ओलं भात कापल्यावर). मग ट्रॅकवर खडूने खूण केली आणि हळू चालवून ठोके मोजले. पूर्ण फेऱ्यात एकच ठोका आला तर ट्रॅकच कुठेतरी फाटलाय किंवा आतला लोखंडी तुकडा तुटलाय, फेऱ्यात सारखे ठोके येत असतील तर रोलर किंवा स्प्रॉकेट. आमचे सारखे येत होते. मशीन जॅकवर घेऊन, खाली लाकडी ठोकळे देऊन, इंजिन बंद करून एकेक रोलर हाताने हलवला तर डाव्या बाजूचा मधला खुळखुळ वाजत होता, सील गेलेलं, आत चिखलाचं पाणी.

आणि अजून एक. चेसिसपासून ट्रॅकच्या कडेपर्यंतचं अंतर पुढे आणि मागे पट्टीने मोजलं तर डावीकडे 8 मिमीचा फरक, ट्रॅकच्या आतले गाइडचे दात एकाच बाजूने घासून चकचकीत. म्हणजे आयडलरचा फोर्क, त्या चाकाला धरणारा दुहेरी हात, वाकलेला. बांधावरून मी तिरका चढायचो, वेळ वाचतो म्हणून, सगळं वजन एका कडेवर येत होतं. फोर्क काढून प्रेसवर सरळ केला, बेअरिंग आणि सील नवीन, मजुरीसकट अडीच हजार. ट्रॅक दोन्ही तेच आहेत अजून.

ताण कसा बघायचा तर मशीन उचलल्यावर ट्रॅक खाली लोंबतो, मधल्या रोलरची खालची कड आणि ट्रॅकची आतली बाजू यातली फट मोजायची, आमच्या पुस्तकात 10 ते 15 मिमी दिलीय. दोन्हीकडे सारखी हवी, एकीकडे 10 आणि एकीकडे 18 असेल तर ओढणारच. मोजायच्या आधी धुवायचं, चिखल असताना मोजलेलं काही खरं नाही.

वायंगणीला हे सगळं सांभाळलं. बांध सरळ, समोरासमोर चढायचा आणि गरज पडली तर दोन फळ्या टाकायच्या. पाणंदीवर जागच्या जागी वळवायचं नाही, खडीवर रबर सोलतं, थोडं पुढे-मागे करत वळवायचं. रोज संध्याकाळी, माती ओली असतानाच आतली बाजू सळईने साफ. शेजारच्या गावातल्या खाजणातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) कापणीला गेलो होतो तेव्हा मात्र त्याच रात्री गोड्या पाण्याने धुतलं आणि टेन्शन बोल्टच्या आट्यांना ग्रीस भरलं, खाऱ्या चिखलात तो बोल्ट गंजून धरला की नंतर कापूनच काढावा लागतो.

मशीन म्हणून मी समाधानी आहे. माणसं मिळत नाहीत अशा दिवसात पावसाच्या आधी चार घरांचं भात घरात आलं. कोपरे विळ्याने काढावे लागतात आणि पेंढ्याचे तुकडे होतात म्हणून गुरंवाली घरं थोडी नाराज आहेत, ते खरं आहे. आता मांगरात (शेतावरच्या खोपटात) फळ्यांवर उभं केलंय, ट्रॅक थोडे सैल सोडून, डिझेलचा डबा दूर ठेवून कारण डिझेल-ऑइलने रबर फुगतं. उजव्या बाजूच्या रोलरची सीलं पण आणून ठेवलीत, गणपतीच्या आधी बदलणार.