ग्राफिक डिझाइनसाठी लॅपटॉप : ओएलईडी पडदा की आयपीएस?

लॅपटॉप निवडताना प्रोसेसर आणि रॅमची चर्चा पुष्कळ होते. परंतु डिझायनर ज्याच्याकडे पाहून रंगाचा निर्णय घेतो, त्या पडद्याचा विचार माझ्या मते सर्वांत आधी व्हायला हवा. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो आणि काळ्या जागी पूर्ण विझतो, तर आयपीएस पडद्यामागील प्रकाश सतत चालू राहत असल्याने त्याचा काळा रंग किंचित राखाडी दिसतो. व्हिडिओ किंवा मोबाइल ॲपचे काम करणाऱ्याला ओएलईडी मनापासून आवडेल.

छपाईच्या कामात मात्र पारडे आयपीएसकडे झुकते. कागदावरची शाई इतकी गडद कधीच उमटत नाही, त्यामुळे ओएलईडीवर खुललेले पोस्टर छापून आल्यावर निस्तेज वाटू शकते. शिवाय फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरच्या पट्ट्या तासन्‌तास एकाच जागी राहिल्याने ओएलईडीवर कालांतराने कायमचा डाग उमटण्याची शक्यता असते, आणि कमी उजेडावर अनेक ओएलईडी पडद्यांची सूक्ष्म लुकलुक काहींच्या डोळ्यांना त्रास देते.

अर्थात, आयपीएस म्हणजे कोणताही आयपीएस नव्हे : ४५% एनटीएससी क्षमतेचा, म्हणजे एनटीएससी या रंगांच्या मोजपट्टीतले जेमतेम ४५% रंग दाखवणारा पडदा या कामासाठी घेऊच नये. एसआरजीबी (पडद्यांसाठीचा प्रमाण रंगसमूह) १००% दाखवणारा आणि कॅलिब्रेटरने (पडद्याचे रंग मोजून अचूक करणाऱ्या उपकरणाने) जुळवलेला आयपीएस मी छपाईसाठी निःशंकपणे निवडेन.