इम्पोर्टेड सेकंडहँड सॅडलच्या नावाखाली माझे ८१,६५० रुपये गेले, घोडेवाल्यांनी जरूर वाचा

८,००० टोकन, मग ४०,०००, मग ३०,००० आणि वरून ट्रान्सपोर्टचे म्हणून ३,६५०. एकूण ८१,६५० रुपये मी माझ्या हाताने, माझ्याच फोनवरून, पिन टाकून अशा माणसाला दिले ज्याचं खरं नावसुद्धा आज मला माहीत नाही. घरात सासूबाईंना अजून पूर्ण आकडा सांगायची हिंमत झालेली नाही. तरी लिहितीये, कारण तो माणूस अजून धंदा करतोय आणि मी गप्प बसले तर पुढचा बकरा तुमच्यापैकीच कुणीतरी असणार.

आधीच सांगते, मी काही काल घोडा बघितलेली बाई नाही. अकरा वर्षं झाली. आमची घोडी हरणी, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी, मारवाडी क्रॉस, तिला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घेतलं तेव्हा तोंड उघडून दात बघितले, चारही खूर उचलून बघितले, दुडक्या चालीने पळवून बघितलं, अंगावरचे केसांचे भोवरे बघणाऱ्या काकांना मुद्दाम सोबत नेलं होतं. एवढं सगळं घोड्याला केलं आणि त्या घोड्याच्या पाठीवर जे ठेवायचं ते खोगीर, म्हणजे सॅडल, मात्र फोनवर बघून घेतलं. आता कळतंय, पण त्या वेळी सगळं इतकं बरोबर वाटत होतं की विचारू नका.

झालं असं की हरणीचं जुनं सॅडल पुढे रुंद पडायला लागलं होतं, तिचे विदर्स, म्हणजे मानेच्या मागचा खांद्यावरचा उंचवटा, उंच आहेत, पाठ उतरली की सॅडल थेट हाडावर बसायचं. नवीन चांगलं घ्यायचं तर बजेट नव्हतं. त्यात मुलगी यंदा जंपिंग शिकायला लागली, तिला हेल्मेट हवं होतं. घोडेमालकांच्या एका ग्रुपवर जाहिरात आली, इंग्लंडमधल्या वॉल्सॉलला बनलेलं जनरल पर्पज म्हणजे सगळ्या प्रकारच्या रायडिंगला चालणारं सॅडल, साडेसतरा इंच सीट, सोबत लगाम, बिट (तोंडातली धातूची दांडी), तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा), रिकिबी, नमदा (सॅडलखालची घडी) आणि मुलीच्या मापाचं हेल्मेट, सगळ्याचे मिळून ८५,५००. वॉल्सॉल म्हणजे सॅडल बनवणाऱ्यांचं जुनं गाव, तिथलं वापरलेलं सॅडलसुद्धा लोक शोधत असतात. घासाघीस करून ७८,००० ला ठरलं.

तुम्ही म्हणाल, फौजी असल्याचं कार्ड पाठवणारे, क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे, हे सगळे प्रकार तर आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहेत. अहो मलाही माहीत आहेत! त्याने त्यातलं काहीच केलं नाही. त्याने घाई केली नाही, उलट मलाच म्हणाला, ताई, आधी तुमच्या घोडीच्या विदर्सचं माप पाठवा, खांद्याच्या पाठीमागे जाड वायर वाकवा, ती कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ मारा आणि फोटो पाठवा, बसणार नसेल तर मी विकणारच नाही. जो माणूस वायरने माप घ्यायला सांगतो त्याच्यावर कोण संशय घेईल? मी घेतला नाही. माप बघून संध्याकाळी फोन आला, एकदम फिट बसेल, दोन-तीन बोटं जागा राहील. मी त्याच रात्री ८,००० टाकले.

आता ती जागा सांगते जिथे मला थांबायला हवं होतं. रोज रात्री झोपताना मला तीच आठवते.

जाहिरातीतल्या पहिल्या फोटोत फ्लॅप, म्हणजे बाजूला लोंबणारा चामड्याचा भाग, उचललेला होता आणि खाली तंग बांधायचे तीन आखूड पट्टे दिसत होते. जनरल पर्पज सॅडलला साधारण तीनच असतात, दोन वापरायचे, तिसरा राखीव. व्हिडिओ कॉलवर मी म्हणलं, जरा उलटं करून खालच्या गाद्या दाखवा, तर त्याचं नेटवर्क गेलं. पुन्हा कॉल लागला नाही, पण दहा मिनिटांत त्याने फोटो पाठवले. त्या फोटोत पट्टे दोनच होते. दोन! मी मोजले. झूम करून मोजले. विचारलंसुद्धा, की आधी तीन होते ना? तो म्हणाला, ताई, तुमची नजर एकदम पक्की आहे, जुने पट्टे झिजले होते म्हणून तुमच्यासाठी नवीन बसवून घेतले, तिसरा तसाही कुणी वापरत नाही. आणि मी काय केलं, तर खूश झाले. नवीन पट्टे फुकटात मिळाले म्हणून. अहो, जीनगर, म्हणजे खोगीर बनवणारा कारागीर, तीन पट्ट्यांच्या जागी दोन कशाला बसवेल? जुने काढले तर तिथे तीनच नवे शिवेल ना? फोटो दोन वेगळ्या सॅडलचे होते, माझ्या डोळ्यांसमोर होते, प्रश्नही मीच विचारला आणि उत्तर गोड होतं म्हणून गिळलं. नजर पक्की आहे म्हणाला तिथेच मी गेले. दुसऱ्या दिवशी ४०,००० आणि पॅकिंगचा फोटो आल्यावर ३०,०००. मग ट्रान्सपोर्टवाला आधी पैसे मागतोय म्हणून ३,६५०.

सहाव्या दिवशी खोका आला. हो, आला! म्हणूनच तर पुढे सगळं अडकलं. अजिबात काही आलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता पोलिसांचं ऐकून वाटतं. खोका उघडताना व्हिडिओ काढा. एकट्याने उघडू नका. वरचं लेबल, सील, आतली एकेक वस्तू, सगळं एका सलग व्हिडिओत आलं पाहिजे. मी काढला नाही, मुलगी शाळेतून यायच्या आत सगळं मांडून ठेवायचं होतं.

सॅडल वरून चकचकीत होतं. पॉलिशचा इतका वास की डोकं दुखावं. त्याच संध्याकाळी मी ते हरणीवर चढवलं. तंग आवळताना तिने कान मागे टाकले, पोटाकडे मान वळवली, असं ती कधीच करत नाही. मला वाटलं नवीन वास आहे म्हणून करतीये. वीस मिनिटं चालवली, नुसती चाल आणि थोडी दुडकी. उतरून सॅडल काढलं तर पांढऱ्या नमद्यावर तपकिरी रंग उतरलेला आणि पाठीवर घाम सगळीकडे सारखा नाही, विदर्सच्या दोन्ही बाजूंना हाताएवढे कोरडे चट्टे. जिथे फार दाब पडतो तिथे घाम येत नाही, हे मला माहीत आहे, मी इतरांना शिकवलंय. सकाळी तिथे सूज होती आणि हात लावू देत नव्हती. डॉक्टर आणि औषधाचे ४,२०० गेले, दोन आठवडे पाठीवर काही ठेवायचं नाही. पैशाचं एक वेळ जाऊ दे, ती बिचारी कान मागे टाकून सांगत होती आणि मी तंग अजून एक भोक वर ओढला, हे माझ्या मनातून जात नाही.

मग सगळं नीट तपासलं, जे आधी करायचं होतं ते. टेप लावला, पुढच्या बाजूच्या बटणासारख्या खिळ्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत, तर साडेसोळा इंच, साडेसतरा नाहीच. सॅडल पोटाशी धरून पुढच्या कमानीची दोन टोकं हातांनी आत दाबली तर चिमट्यासारखी जवळ आली आणि आतून करकर आवाज. म्हणजे आतला सांगाडा, ट्री, तुटलेला. तुटलेल्या ट्रीचं सॅडल घोड्याच्या पाठीवर ठेवूच नये, तिथे विषय संपतो. आमच्या जुन्या जीनगर काकांकडे नेलं, त्यांनी गाद्यांची शिवण थोडी उसवली तर आत लोकर नव्हती, फोमचे तुकडे, कापडाच्या चिंध्या आणि एक अख्खा मोजा. खोगीरभरती हा शब्द आयुष्यभर बोलत आले, तो माझ्या घोडीच्या पाठीवर असा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. काका म्हणाले, या भावात कानपूरहून नवंकोरं, बिल असलेलं, मापाचं सॅडल आलं असतं. कानपूरच्या सॅडलरीला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तिथला माल परदेशात जातो, आणि मी इम्पोर्टेड इम्पोर्टेड करत बसले.

बिट स्टेनलेस स्टील म्हणून दिलेलं, नखाने खरवडलं तर मुलामा निघाला. असा सोललेला मुलामा घोड्याच्या तोंडात गेला तर जीभ आणि ओठाचे कोपरे कापतात. बिटला लोहचुंबक लावून बघितलं म्हणजे झालं असं समजू नका, त्यावर खात्री होत नाही, सांधे आणि कडा बोटाने चाचपून बघा. लगामाचा पट्टा वाकवला तर वरचा थर पापडासारखा सुटला, म्हणजे चामड्याचा भुगा चिकटवलेला माल. खरं चामडं कापलेल्या कडेला तंतू दाखवतं.

आणि हेल्मेट. याबद्दल लिहिताना माझा हात थरथरतो. आत पीएएस ०१५, म्हणजे घोडेस्वारीच्या हेल्मेटचं ब्रिटिश सुरक्षा मानक, लिहिलेलं कागदी स्टिकर होतं, ओलं बोट फिरवलं की शाई पसरली. अस्तर काढलं तर धक्का झेलणारा थर्माकोलसारखा कडक थर आत नव्हताच, नुसता स्पंज. हे माझ्या मुलीच्या डोक्यावर बसणार होतं, पुढच्या रविवारी, अडथळ्यावरून उडी मारताना. सॅडल सेकंडहँड घ्या हवं तर, जीनगर सोबत असेल तर घ्या, पण हेल्मेट कधीच कुणाचं वापरलेलं घेऊ नका, बहिणीचं सुद्धा नाही. एकदा पडलेलं हेल्मेट वरून धड दिसतं, आतून गेलेलं असू शकतं.

त्याला फोन केला. पहिल्या दिवशी म्हणाला ट्रान्सपोर्टमध्ये मोडलं असेल, परत पाठवा. दुसऱ्या दिवशी म्हणाला तुम्हीच मोडलं. तिसऱ्या दिवशी नंबर बंद.

आता पुढची कथा ऐका. पैसे गेल्यागेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा असतो, लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येऊ शकतात. माझा फोन गेला नवव्या दिवशी, कारण तोपर्यंत मला फसवणूक झालीये हेच कळलं नव्हतं. खातं तोवर रिकामं. ती चूक माझी, मान्य. पण पोलीस ठाण्यात जे झालं ते माझी चूक नाही. तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली, हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा. मी म्हणलं, एक वस्तू दाखवून दुसरी पाठवली, दोन्ही फोटो आहेत, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? तर म्हणे, मॅडम, घोडे पाळता, एवढ्याशा पैशासाठी कशाला त्रास करून घेता, आणि पुढच्या वेळी मिस्टरांना पाठवा. मिस्टरांना! घोडी माझी, खातं माझं, पैसे माझे. तिसऱ्या वेळी एका कोऱ्या कागदावर अर्ज घेतला, त्याची पोच मागितली तर दीड तास बसवून ठेवलं. पोच घेतल्याशिवाय उठू नका, कितीही वेळ लागू दे.

बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. ट्रान्सपोर्टवाल्यांकडे गेले, पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा निघाला, बुकिंगच्या वेळचं सीसीटीव्ही द्या म्हणलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले फुटेज तुम्हीच आणा, मग बघू. फुटेज राहतं किती दिवस? मधल्या टोलवाटोलवीत ते पुसलंही गेलं असेल. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, हे खरं, पण समोरच्याचं नाव-पत्ता लिहायचा रकाना मी काय लिहून भरू? म्हणून सांगते, टोकन द्यायच्या आधी विक्रेत्याचा पत्ता आणि खात्यावरचं नाव जुळतंय का बघा. माझे चार व्यवहार तीन वेगळ्या नावांवर गेले. तेव्हा तो म्हणाला होता, मेहुण्याचं खातं आहे. ठाणेदार ऐकत नसेल तर बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३(४) खाली जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, मी स्पीड पोस्टाने पाठवलंय, बावीस दिवस झाले, उत्तर नाही.

उलटं करून दाखवत नसेल तर घेऊ नका. लाइव्ह व्हिडिओवर कमान दाबून दाखव म्हणा, टेप लावून दाखव म्हणा, आजची तारीख कागदावर लिहून सॅडलवर ठेव म्हणा. नेटवर्क गेलं तर तुमचे पैसेही जाऊ देऊ नका.

परवा रात्री तोच पहिला फोटो दुसऱ्या ग्रुपवर परत दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा, आता किंमत ७२,०००. ओळखायची खूण लिहून ठेवा, मागे निळी ताडपत्री, डाव्या फ्लॅपवर अर्धचंद्रासारखा ओरखडा, खाली तीन पट्टे. मी तिथे लिहिलं की हे सॅडल याच्याकडे नाहीच, तर पाच मिनिटांत मलाच ग्रुपमधून काढलं. स्क्रीनशॉट घेऊन काल पुन्हा ठाण्यात गेले. साहेब बंदोबस्ताला गेले होते.