साधं इसबगोल: नऊ महिने रोज घेतल्यानंतर

मी शाळेत गणित शिकवते. परीक्षेत तीन तासांचं सुपरव्हिजन लागलं की आदल्या रात्रीपासून पोटात कळा सुरू व्हायच्या. स्वच्छतागृहाजवळचा वर्ग मिळावा म्हणून मी दरवेळी कुणा ना कुणाशी अदलाबदल करून घ्यायचे. चार दिवस बद्धकोष्ठ आणि पाचव्या दिवशी सकाळीच तीन-चार वेळा जुलाब, हे दीड वर्ष चाललं.

निदान झालं आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. त्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासलं, सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, चाचणी केली. शौचातून रक्त जातं का, वजन उतरलंय का, जुलाबाने रात्री झोपमोड होते का, हेही खोदून विचारलं. यातलं काही असेल तर आधी तपासणी, इसबगोल नंतर. माझं आतडं दिसायला धडधाकट होतं; बिघडली होती ती त्याची हालचाल आणि मेंदूशी असलेला ताळमेळ.

मग त्यांनी इसबगोल लिहून दिलं आणि मी चक्रावले. ते तर पोट साफ व्हायला घेतात, मग जुलाबाच्या दिवशी कसं घ्यायचं? पण हे भुसीसारखं टरफल पाणी शोषून घेतं आणि त्याची बुळबुळीत जेली होते. मळ कडक असेल तर ती त्यात ओलावा धरून ठेवते, पातळ असेल तर जास्तीचं पाणी ओढून घेते. दोन्ही टोकांना एकच वस्तू चालते ती यामुळे.

पहिल्या वेळी मी चूक केली. पहिल्याच रात्री दोन मोठे चमचे घेतले. पोट तीन दिवस नगाऱ्यासारखं फुगलं आणि डबा मागच्या फळीवर गेला. महिन्याभराने डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरुवात केली, या वेळी अर्ध्या छोट्या चमच्याने. दर आठवड्याला थोडं वाढवत सात आठवड्यांनी दिवसाला १० ग्रॅमवर आले, तेही दोन वेळांत विभागून. चमच्यांची मापं सारखी नसतात, म्हणून मी काट्यावर मोजते.

प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाणी हवंच. भिजवून ठेवायचं नाही, ढवळलं की लगेच प्यायचं. पाच मिनिटांत त्याचा असा गोळा होतो की घशाखाली उतरत नाही. कोरडं तर कधीच तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास होत असेल त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. माझी थायरॉइडची गोळी सकाळी असते, म्हणून इसबगोल दुपारी आणि रात्री. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवते.

स्वादाची पाकिटं घेणार असाल तर मागची यादी वाचा. सॉर्बिटॉल, मॅनिटॉलसारखे गोडवे आपल्यासारख्यांच्या पोटात गॅस करतात. मी बिनस्वादाचंच घेते. चव काहीच नाही, फक्त जिभेला बुळबुळीत लागतं, त्याची सवय होते.

यापूर्वी मी ‘फायबर वाढव’ हा सल्ला मानून गव्हाचा कोंडा खात होते आणि दुखणं वाढत होतं. २००९ साली नेदरलँड्समधल्या २७५ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इसबगोल, कोंडा आणि नुसतं तुलनेपुरतं तांदळाचं पीठ अशी तुलना १२ आठवडे केली होती. फायदा दिसला तो इसबगोलाचा. कोंडा घेणाऱ्या बऱ्याच जणांनी त्रास वाढला म्हणून मध्येच सोडलं. हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं, अजूनही वाईट वाटतं.

कळा मात्र इसबगोलाने पूर्ण गेल्या नाहीत. त्यासाठी डॉक्टरांनी पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल दिल्यात, त्या लागतील तेव्हा घेते. झोप बिघडली की पोटही बिघडतं, तिथे हा डबा काही करू शकत नाही. पण वहीत रोज नोंद ठेवते, आणि गेल्या तीन महिन्यांत जुलाबाचे दिवस फक्त चार आहेत.

या परीक्षेला मला तिसऱ्या मजल्यावरचा, अगदी टोकाचा वर्ग आला. मी अदलाबदल मागितली नाही.