मार्ग गेला तर बसमालकानं काय पत्करावं: रोकड, दुसरा मार्ग की किलोमीटरचा दर?

कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवर ओळखीच्या बसमालक अण्णांनी प्लास्टिकच्या पिशवीतून परवाना काढला. घड्यांवर कागद विरलेला, खाली बँकेचं हप्त्यांचं पुस्तक. "उद्या महापालिकेच्या बससेवेनं, केएमटीनं, हा रूट घेतला, तर माझ्या हातात काय?"

कायद्याची रोकड आधी बघू. मार्ग सरकारी बससेवेकडं देण्याच्या मंजूर योजनेखाली परवाना मुदतीआधी रद्द झाला, तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम १०५ प्रमाणे उरलेल्या दर महिन्याला २०० रुपये, एकूण किमान ४००. हा दर १९५६ च्या दुरुस्तीतला, तोच पुढं चालत आला. परवाना ५ वर्षांचा, म्हणजे कालच काढलेला असला तरी ६० महिन्यांचे १२,०००. एवढ्यात बसचे दोन टायर येत नाहीत. गाडी, कर्ज, वर्षानुवर्षं जोडलेलं गिऱ्हाईक, कशाचाच हिशेब नाही. नूतनीकरणच नाकारलं, तर एक पैसाही नाही. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं सगीर अहमद खटल्यात बसमार्ग सरकारकडं घेणारा उत्तर प्रदेशचा कायदा अडवला होता, भरपाई नाही हे त्यामागचं एक कारण. त्यानंतर भरपाई आली, पण ती अशी.

मुंबईत ७ ऑगस्ट १९४७ ला पालिकेनं ट्राम आणि विजेची अख्खी कंपनीच विकत घेतली. लंडनमध्ये १९३३ ला वाहतूक कंपन्या ताब्यात घेताना त्यांना रोखे दिले, त्यातल्या काहींचं व्याज कमाईवर अवलंबून होतं. एका बसच्या मालकाला यातलं काही मिळत नाही.

दुसरा मार्ग स्वीकारला की रोकड बुडते. तरी माझा कल तिकडंच, फक्त मार्ग जिवंत हवा. सही करण्याआधी आठवडाभर त्या रस्त्यावर उभं राहा. कागलच्या एमआयडीसीची पाळी सुटताना थांब्यावर किती माणसं असतात, ते मोजा.

केएमटीकडं गाडी भाड्यानं लावून किलोमीटरमागं पैसे घ्यायचे, तर सगळं बोलणीवर ठरतं. गाडी रिकामी धावली तरी पैसे मिळतात. पण रोजचे किमान किलोमीटर, डिझेलसोबत वाढणारा दर आणि बिलाची तारीख करारात नसेल, तर हप्ता थकणार तो तुमचाच.

अण्णांच्या परवान्याचे १४ महिने उरलेत. रोकड २,८००. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, योजनेचा प्रस्ताव राजपत्रात आला की हरकत नोंदवायला ३० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा मार्ग लेखी मागा, कुठला हवा ते नाव घालून."