काचेवरचा वेग : स्वस्त हेड-अप डिस्प्लेचा आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्या बलेनोत हेड-अप डिस्प्ले, म्हणजे वेगासारखे आकडे चालकाच्या नजरेसमोरच पारदर्शक काचेवर दाखवणारी यंत्रणा, आला आणि तोवर महागड्या गाड्यांत दिसणारी ही सोय आपल्याकडे घरोघरी बोलण्याचा विषय झाली. माझी गाडी २०१५ ची साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. एवढ्यासाठी गाडी बदलण्याइतका मी हौशी नसल्याने बाहेरून बसवता येणारे एक यंत्र १,८५० रुपयांना ऑनलाइन मागवले. खोक्यावर उत्पादकाचे नाव नाही, केवळ मॉडेल क्रमांक आहे. हुबेहूब तेच यंत्र निरनिराळ्या नावांनी विकले जात असल्यामुळे नावापेक्षा प्रकार पाहून खरेदी करणे शहाणपणाचे ठरते.

प्रकार मुख्यतः दोन आहेत. पहिला जीपीएसवर चालतो. तो सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेतो आणि कोणत्याही गाडीला चालतो; पण बोगद्यात शिरताच त्याचा आकडा गोठतो किंवा नाहीसा होतो, आणि एरवीही वेग बदलल्यावर तो क्षणभर मागे राहतो. दुसरा प्रकार गाडीच्या ओबीडी सॉकेटला (गॅरेजवाले गाडीतले दोष तपासायला यंत्र लावतात त्या खाचेला) जोडला जातो आणि थेट इंजिनच्या संगणकाकडून वेग, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे), कूलंटचे तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज वाचतो. हे १६ पिनांचे सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली, गुडघ्यांच्या वर असते. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ प्रणाली बंधनकारक झाली, म्हणून त्यानंतरच्या गाडीत हे यंत्र चालण्याची शक्यता चांगली असते. त्याआधीची गाडी असेल, तर पैसे परत मिळण्याची अट आधी वाचून घ्यावी. बोरघाटातले बोगदे डोळ्यांपुढे असल्याने मी दुसरा प्रकार निवडला.

बसवायला अर्धा तास लागला. वायर डॅशबोर्डच्या कडेच्या फटीतून नेता येते. मात्र समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या आवरणात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल, तर वायर तिच्यावरून आडवी नेऊ नये. सोबत येणारा चिकट पॅड ऐन उन्हाळ्यात सैल पडला. त्याऐवजी रबरी जाळीदार मॅट वापरली, ती अजून हललेली नाही.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे दिसते कसे. रात्री आणि ढगाळ दिवशी आकडे ठसठशीत दिसतात. एप्रिल-मेच्या दुपारी, विशेषतः ऊन समोरून येत असताना, ते जवळजवळ पुसले जातात. गॉगल पोलराइज्ड असेल तर सावलीतही अडचण येते, कारण काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा ज्या दिशेत ध्रुवित असतो, नेमकी तीच दिशा हा गॉगल अडवतो. शिवाय प्रत्येक आकड्याला किंचित सरकलेली एक सावली असते. समोरच्या काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब उमटते, म्हणून हे होते. कारखान्यातूनच बसवून येणाऱ्या, काचेवर प्रतिमा टाकणाऱ्या प्रणालीत काचेमधला थर पाचरीच्या आकाराचा ठेवून ती दोन्ही प्रतिबिंबे एकावर एक आणलेली असतात. बलेनोत काचेऐवजी वेगळी छोटी पारदर्शक पट्टी उभी राहते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

सावली घालवण्यासाठी खोक्यात एक पारदर्शक फिल्म येते. ती लावल्यावर आकडे खरोखर नीटस होतात, पण मी ती दोन दिवसांत काढली. गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये दिलेला निकाल प्रसिद्ध आहे, आणि तळहाताएवढ्या पारदर्शक तुकड्यावरून रस्त्यात वाहतूक पोलिसांशी कायद्याचा कीस काढत उभे राहण्याची माझी तयारी नाही.

ज्यांना चाळिशी लागली आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या स्वस्त यंत्रात भिंग किंवा वक्र आरसा नसतो. डिस्प्ले काचेपासून जेवढा अलीकडे, तेवढीच त्याची प्रतिमा काचेपलीकडे दिसते. म्हणजे डोळ्यांपासून जेमतेम मीटर-सव्वा मीटरवर. दूरच्या रस्त्यावरून नजर त्या आकड्यावर आणताना डोळ्यांना पुन्हा जुळवून घ्यावे लागतेच. मान खाली घालावी लागत नाही, एवढाच फायदा आहे आणि तो, माझ्या मते, रात्रीच्या प्रवासात पुरेसा मोठा आहे.

अचूकतेने मात्र मला चकित केले. गाडीचा काटा १०० वर असताना हे यंत्र ९५ दाखवते आणि फोनचा जीपीएसही ९४-९५ च दाखवतो. दोष काट्याचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील ३९ व्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवायचा नसतो. जास्त दाखवण्याची मुभा मात्र दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी असते. म्हणून उत्पादक काटा थोडा पुढेच ठेवतात. याचा व्यावहारिक परिणाम असा की, काट्याने नकळत दिलेली सवलत हे यंत्र काढून घेते. द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा आणि जागोजागी कॅमेरे असल्यामुळे मी वेगाचा इशारा ९५ वर लावून ठेवला आहे. इशाऱ्याचा आवाज इतका कर्कश आहे की, मागे झोपलेली आई पहिल्यांदा दचकून उठली होती.

आरपीएम, इंधनाचा खप वगैरे बाकी आकडे मी बंद केले आहेत. खपाचा आकडा तर निव्वळ अंदाज असतो. कूलंटचे तापमान तेवढे ठेवले आहे, कारण माझ्या गाडीत त्याचा काटाच नाही, फक्त दिवा आहे, आणि दिवा लागेपर्यंत घाटात उशीर झालेला असू शकतो.

गाडी बंद केल्यावर यंत्र आपोआप बंद होते की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासावे. ओबीडी सॉकेटला बॅटरीची वीज चावी काढल्यावरही मिळत राहते आणि यंत्र व्होल्टेजवरून इंजिन बंद झाल्याचे ताडते. माझ्याकडे हे व्यवस्थित चालते. एका मित्राच्या स्मार्ट हायब्रिड गाडीत मात्र बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मधूनमधून विसावा घेतो, तेव्हा व्होल्टेज उतरतो आणि यंत्र धावत्या गाडीत झोपी जाते. सेटिंगमध्ये मर्यादा खाली आणल्यावर ही तक्रार थांबली.

खरेदीपूर्वी एक प्रयोग फुकट करता येतो. वेग उलट्या अक्षरांत दाखवणारे एखादे अॅप फोनवर घ्यावे, फोन रात्री डॅशबोर्डवर आडवा ठेवावा आणि शेजारी बसून तासभर त्या आकड्याकडे पाहावे. दिवसा हा प्रयोग करू नये, उन्हात फोन तापतो. तासाभरात त्या आकड्याने डोळे शिणले, तर १,८५० रुपये वाचले.