कॅलिबर वापरायला किती सोपे आहे?

ई-पुस्तकांवरचे डीआरएमचे, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल संरक्षणाचे, कुलूप ‘एका क्लिकमध्ये’ काढणारे सोपे साधन म्हणून अनेक जण कॅलिबरचे नाव सुचवतात, पण कॅलिबर कुलूप काढत नाही. कोविद गोयल यांनी २००६ साली सोनीच्या ई-रीडरसाठी सुरू केलेला हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम पुस्तके नीट लावून ठेवतो आणि एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलून देतो. या कामात त्याच्या तोडीचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

पहिल्यांदा उघडल्यावर बटणांची गर्दी पाहून नवखा माणूस बिचकतो. रूपांतराच्या खिडकीत तर पानोपानी पर्याय आहेत. मात्र त्यांना हात न लावता फक्त हवा तो फॉरमॅट निवडला, तरी बहुतेक वेळा काम चोख होते. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरून उतरवलेले ईपब (ई-पुस्तकांचा एक फॉरमॅट) युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात असल्याने रूपांतरानंतरही त्यातली जोडाक्षरे शाबूत राहतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या मराठी पीडीएफची मात्र दैना होते, कारण त्या फाइलमध्ये अक्षरांच्या जागी मुळात रोमन चिन्हेच साठवलेली असतात आणि फॉन्ट सुटला की तीच उघडी पडतात. स्कॅन केलेल्या पानांवरचा मजकूरही कॅलिबर ओळखू शकत नाही. मराठी वाचकाला खरा त्रास होतो तो इथे, आणि त्याचे मूळ आपल्या प्रकाशन व्यवहारात आहे.

कुलूपबंद पुस्तकाचे रूपांतर करू पाहिल्यास कॅलिबर तसे स्पष्ट सांगून थांबते. कुलूप काढणारी प्लगइन, म्हणजे प्रोग्रामला जोडायची पूरक साधने, इतरांनी बनवलेली असतात आणि ती वेगळी बसवावी लागतात. विक्रेत्याने कुलूप बदलले की ती निकामी होतात, त्यामुळे ‘एका क्लिकमध्ये’ या दाव्यावर विसंबू नये. शिवाय प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पैसे मोजून घेतलेले पुस्तक वाचकाला आपल्या पसंतीच्या यंत्रावर वाचता येऊ नये, हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून खरेदीपूर्वीच पुस्तक डीआरएममुक्त आहे का, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावे.

कॅलिबर पुस्तकांच्या प्रती स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवते. तिथली नावे हाताने बदलू नयेत. बदल नेहमी प्रोग्राममधूनच करावेत.