घटस्फोट संमतीने घ्यावा की दावा लढवावा

हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार घटस्फोटाचे दोन मार्ग आहेत. कलम १३ ‘ब’ खाली दोघे मिळून अर्ज करतात, तर कलम १३ खाली एक जोडीदार दुसऱ्याविरुद्ध अर्ज करतो. अर्ज कौटुंबिक न्यायालयात आणि ते नसेल तेथे दिवाणी न्यायालयात करायचा असतो. विवाह जेथे झाला, दोघे शेवटचे एकत्र जेथे राहिले किंवा जिच्याविरुद्ध अर्ज आहे ती व्यक्ती जेथे राहते, तेथे तो करता येतो. पत्नी अर्जदार असेल, तर ती सध्या राहते त्या ठिकाणीही तिला तो करता येतो.

संमतीच्या मार्गात कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. मात्र दोघे किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागतात आणि अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दोघांनी न्यायालयात संमती पुन्हा सांगावी लागते. सहा महिन्यांची ही अट योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. याउलट दाव्यात क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षांचा परित्याग यांसारखे कायद्यातले कारण पुराव्यानिशी शाबीत करावे लागते. ‘आमचे पटत नाही’ हे त्यांत बसत नाही. समन्स, कैफियत म्हणजे समोरच्याचे लेखी उत्तर, समुपदेशन, वादाचे मुद्दे ठरवणे, साक्षी, उलटतपासणी आणि युक्तिवाद या क्रमाने जाताना वर्षे उलटतात आणि घरातल्या खासगी गोष्टी कागदावर येतात.

तरीही केवळ वेळ वाचतो म्हणून संमतीपत्रावर सही करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. कायमस्वरूपी पोटगीची रक्कम आणि ती देण्याची तारीख, स्त्रीधनाची यादी, घराचे कर्ज कोण फेडणार, मुलांचा ताबा, सुट्टीतल्या भेटी आणि शिक्षणाचा खर्च हे सारे त्यात नेमकेपणाने लिहिलेले असले पाहिजे, कारण मोघम लिहिलेली अट पुढे नव्या खटल्याला जन्म देते. हुकूमनामा म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश होईपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणून ठरलेली सगळी रक्कम आधीच हाती न देता काही भाग अंतिम तारखेला देण्याचे ठरवणे दोन्ही बाजूंना सुरक्षित ठरते.

समोरची व्यक्ती उत्पन्न लपवत असेल किंवा धाक दाखवून सही मागत असेल, तर दावाच बरा. कलम २४ खाली पती किंवा पत्नी, ज्याला निर्वाहापुरते स्वतंत्र उत्पन्न नाही त्याला, दावा चालू असताना अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार त्यासाठी दोघांनाही मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. शिवाय दावा चालू असताना तडजोड झाली, तर त्याच अर्जाचे रूपांतर संमतीच्या अर्जात करून घेता येते. दावा निकाली निघाला, तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झाले असेल तर ते फेटाळले जाईपर्यंत, पुनर्विवाह करता येत नाही.